पाण्यापाशी बसलेली पेठ

चंद्रपूरच्या परकोटाचा अचलेश्वर दरवाजा ओलांडून झरपट नदीकडे निघालेल्या माणसास देवस्थानाची हद्द कोठे संपते आणि बाजाराची कोठे सुरू होते, हे नेमके सांगणे कठीण जाते. अचलेश्वराचे शिवालय, त्याच्या आवारातील गोंड राजांच्या समाध्या, तेथून थोड्याच अंतरावर महाकालीचे मंदिर, आणि या सर्वांच्या अवतीभोवती नारळ-फुले, खण, हळद-कुंकवाच्या राशी, कवड्यांच्या माळा आणि काचेच्या बांगड्या मांडून बसलेले दुकानदार, ही सारी वस्ती परस्परांत अशी मिसळून गेली आहे की, भाविक कोण आणि गिऱ्हाईक कोण हा भेदही तेथे टिकत नाही. देवळाभोवतीची ही दाटी पाहून अनेक सुशिक्षितांस खेद होतो. दैवताची शांतता व्यापाराने हिरावून घेतली, असे त्यांस वाटते. त्यांच्या भावनेविषयी मला आदर आहे; परंतु या स्थानाचा पूर्ववृत्तान्त पाहू गेल्यास पाणी, दैवत आणि पेठ ही तिन्ही येथे एकाच सूत्रात ओवलेली आढळतात, आणि त्यांतील पाणी हे सर्वांत आधीचे आहे. हरवले असेल तर तेच हरवले आहे, हे मला या लेखात सांगावयाचे आहे.

या नगराच्या स्थापनेची आख्यायिका मेजर ल्यूसी स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर, जिल्ह्याच्या जमीनबंदोबस्ताच्या अहवालात, म्हणजे १८६९ च्या सुमारास, नोंदवून ठेवली, आणि त्यानंतर जिल्ह्याच्या गॅझेटियरांनी ती वेळोवेळी पुनः सांगितली. गोंडांची राजधानी प्रथम सिरपूर येथे आणि नंतर वर्धेच्या काठी बल्लारपूर येथे होती. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे खांडक्या बल्लाळशहा राज्य करीत असताना त्याच्या अंगावर आवाळवे उठली होती, आणि नाना उपचार करूनही ती हटेनात. एके दिवशी शिकारीच्या निमित्ताने तो रानात दूरवर आला, तहानेने व्याकूळ झाला आणि झरपटीच्या कोरड्या पात्रातून वर चालत असता खडकातील एका छिद्रातून पाझरणारे थोडेसे पाणी त्याच्या दृष्टीस पडले. तो प्याला, त्याने हातपाय आणि तोंड धुतले, आणि त्या रात्री पुष्कळ दिवसांनी त्यास स्वस्थ झोप लागली. सकाळी राणीने पाहिले तो पाणी लागलेल्या जागेवरची आवाळवे नाहीशी झालेली! राजाराणी पुनः त्या ठिकाणी आली, गवत आणि वाळू बाजूला सारली, तेव्हा खडकात गाईची पाच पावले उमटलेली आणि ती पाचही पाण्याने भरलेली दिसली. कितीही उपसले तरी ते पाणी सरेना. राजा त्यात न्हाला, निरोगी झाला, आणि हे पुरातन अचलेश्वराचे तीर्थ आहे असा दृष्टान्त त्यास त्याच रात्री झाला.

आख्यायिका इतिहास नव्हे, हे खरे. परंतु एखाद्या समाजास आपल्या राज्यसत्तेचे मूळ कोठे आहे असे वाटत होते, हे समजण्यास आख्यायिकेइतके विश्वसनीय दप्तर दुसरे नाही. या कथेत राजा दैवताची प्रतिष्ठापना करण्यास निघालेला नाही. तो आजारी आणि तहानलेला असा एक मनुष्य आहे, आणि जे पाणी तेथे त्याच्यापूर्वीच होते त्याने त्यास अभय दिले आहे. सत्तेचा अधिकार शस्त्रापासून न काढता ओंजळभर पाण्यापासून काढणारी ही कथा सांगणाऱ्या रयतेने आपल्या राजाकडून नेमकी कशाची अपेक्षा धरली होती, हे त्यावरून स्पष्ट होते.

त्या तीर्थापाशी राजाने बांधावयास घेतलेल्या देवालयाचे काम पाहून परतताना घडलेला ससा-कुत्र्याचा प्रसंग चंद्रपुरातील लहान मुलासही ठाऊक आहे. कपाळावर पांढरा ठिपका असलेला एक ससा राजाच्या शिकारी कुत्र्याच्या पाठीस लागला, वेडीवाकडी वळणे घेत दोघांनी मोठा फेर धरला, आणि शेवटी कुत्र्याने त्यास लोळविले. त्या फेराच्या रेषेवर तटबंदीचे नगर वसवावे, असा सल्ला राणीने दिला. पुढे जो परकोट उभा राहिला त्याची उंची १५ ते २० फूट असून त्यास चार दरवाजे आणि पाच खिडक्या आहेत. दरवाज्यांवर हत्तीस आक्रांत करणाऱ्या सिंहाचे गोंडी राजचिन्ह आजही स्पष्ट दिसते. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अचलेश्वर हे दरवाजे; विठोबा, हनुमान, बगड, मसाण आणि चोर या खिडक्या. मनुष्याच्या ये-जा करण्याच्या प्रत्येक वाटेवर देव, नवस, मृत्यू किंवा भय यांपैकी कोणीतरी उभे आहेच! पश्चिमेस इरई आणि पूर्वेस झरपट अशा दोन नद्यांच्या मधोमध वसलेल्या या शहराची तटबंदी शत्रूइतकीच महापुरासही अडविणारी होती, हेही येथे सांगितले पाहिजे.

पाण्याविषयीची ही गोंडी जाणीव कथेपुरती राहिली नाही, ती राज्यकारभारात उतरली. खांडक्यानंतर गादीवर आलेल्या हीरशहाने असे ठरविले, की जो जंगल तोडून गाव वसवील त्यास त्या गावाची जमीनदारी मिळावी, आणि जो तलाव बांधील त्यास त्या तलावाच्या पाण्याखाली भिजेल तेवढी जमीन सनदेने मिळावी. या दुसऱ्या प्रकारच्या देणगीस तुकूम म्हणत. चंद्रपुरात आज तुकूम नावाचा मोठा विस्तारित भाग आहे, आणि तेथील बसथांब्यावर उभ्या असलेल्या विद्यार्थ्यास आपल्या मोहल्ल्याचे नाव एका जुन्या जलनीतीची निशाणी आहे हे कोणी सांगितले असेल, असे मला वाटत नाही. चांदा, ब्रह्मपुरी आणि गडचिरोली या भातखाचरांच्या मुलखात जुने तलाव एवढ्या संख्येने का दिसतात, याचे उत्तरही बऱ्याच अंशी याच धोरणात आहे. अबुल फजलाने ऐन-इ-अकबरीत चांद्याच्या गोंड राजाकडे १,००० स्वार आणि ४०,००० पायदळ असल्याचे लिहिले आणि वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीचाही उल्लेख केला. मोगल दरबारास या राज्यात हिरे आणि फौज दिसली, तलाव दिसले नाहीत. प्रजेला मात्र तलावच दिसत होते.

महाकालीचे आजचे भव्य मंदिर राणी हिराईचे. तिचा पती राजा बीरशहा याचा त्याच्याच पदरी असलेल्या हिरामण नावाच्या राजपुताने खून केल्यावर, अठराव्या शतकाच्या प्रारंभी, दत्तक पुत्र रामशहाच्या नावाने हिराईने राज्याचा कारभार पाहिला. पतीची समाधी तिने अचलेश्वराच्या शेजारी बांधविली आणि जुन्या लहान स्थानावर महाकालीचे मंदिर उभे केले. या मंदिराशी एक उग्र कथा जोडलेली आहे. बीरशहाची कन्या देवगडच्या राजघराण्यातील दुर्गपालास दिलेली होती. त्याने तिचा अपमान केला, तेव्हा बीरशहाने त्याचे मस्तक महाकालीस वाहण्याची प्रतिज्ञा केली आणि युद्धात ती पुरी केली. मंदिराच्या माथ्यावर देवगडच्या दिशेस तोंड करून बसविलेले पाषाणमस्तक त्याचीच खूण, असे परंपरा सांगते. एक स्त्री राज्य चालविते, पतीचे स्मारक बांधते, आणि कन्येच्या अपमानाची स्मृती शिखरावर कोरून ठेवते. मराठी मुलखाच्या इतिहासग्रंथांत हिराईस जेवढी जागा मिळावयास हवी तेवढी अद्याप मिळालेली नाही, हे नमूद केल्यावाचून मला पुढे जाववत नाही.

आत गेल्यावर मात्र त्या भव्यतेचा विसर पडतो. देवीची एक मूर्ती वर, शेंदराने माखलेली, लाल-पिवळ्या वस्त्रांत उभी. आणि दुसरी जमिनीखाली, चिंचोळ्या भुयाराच्या वाटेने वाकून गेल्यावर दिसणारी, निजलेली. त्या वाटेवर एका वेळी थोडीच माणसे मावतात. हाताने भिंतीचा आधार घ्यावा लागतो, आणि शेकडो वर्षांच्या हातांनी तेथला दगड गुळगुळीत आणि तेलकट झालेला आहे. मोठ्या शिखराखाली दडलेले हे लहानगे स्थान हेच या देवस्थानाचे मूळ असावे, असे तेथे उभे राहिलेल्या माणसास कोणी न सांगता पटते.

चैत्रात येथे यात्रा भरते, आणि तिचे वैशिष्ट्य असे की तिच्यात गावकऱ्यांपेक्षा परमुलखातील मंडळींचा भरणा अधिक असतो. नांदेड, परभणीकडील खेड्यांतून आणि तेलंगणातून कुटुंबेच्या कुटुंबे येतात, पोतराज आसूड वाजवीत येतात, झरपटीत स्नान करून ओल्या वस्त्रांनी देवीच्या दर्शनास जाण्याचा त्यांचा जुना प्रघात आहे, आणि मुक्काम आटोपला की चुली विझवून परततात. या यात्रेबरोबरच बाजार आला. चांद्याचे रेशीमकाठी लुगडे, पितळेची भांडी, कलाकुसरीचे चढाव आणि बुरूडकाम यांची जुन्या काळी दूरवर ख्याती होती. दक्षिणेकडून येणारा यात्रेकरू देवीची ओटी भरून जाताना घरच्यांसाठी यांपैकी काहीतरी गाठोड्यात बांधून नेई. कोष्टी, कासार, बुरूड, चांभार यांच्या वर्षाच्या कमाईतला मोठा हिस्सा या दिवसांत पदरात पडत असे. गोंडांचा अंमल १७५१ मध्ये संपून नागपूरच्या रघूजी भोसल्याचा सुरू झाला, मे १८१८ मध्ये इंग्रजी तोफांनी परकोट फोडला, १८५३ मध्ये नागपूरची गादी निर्वंश ठरल्यावर सारा मुलूख खालसा झाला. राजचिन्हे बदलली, जकातीचे नाके बदलले, परंतु चैत्रातील माणसे त्याच वाटेने, त्याच पाण्याशी येत राहिली. वहिवाट ही सनदेपेक्षा बळकट असते, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

पाणी, देव आणि पेठ यांची अशीच सांगड पाहण्यासाठी आता थोडे दूर, जपानमधील क्योतो या प्राचीन राजधानीत जाऊ. तेथे निशिकी नावाची एक अरुंद, छप्पर घातलेली बाजारपेठ आहे, लांबी सुमारे ३९० मीटर. मासळी, लोणची, सुरी-विळे, चहा यांची दुकाने दोन्ही अंगांनी खेटून उभी आहेत, आणि या पेठेच्या पूर्व टोकाशी निशिकी तेनमांगू नावाचे, शिंतो या जपानच्या पारंपरिक धर्माचे, छोटे देवस्थान आहे. शिंतो देवळापुढे जे दोन खांबांचे तोरण असते त्यास तोरी म्हणतात. या देवस्थानाची दगडी तोरी दुतर्फा घरे वाढत गेल्यामुळे इतकी चिमटीत सापडली आहे, की तिच्या आडव्या तुळईची दोन्ही टोके शेजारच्या इमारतींच्या वरच्या मजल्यांच्या भिंतींत शिरली आहेत. घरे बांधणाऱ्यांनी तोरी कापली नाही, भिंतींना छिद्रे ठेवली! दाराशी काशाचा एक बैल बसलेला आहे आणि येणाराजाणारा त्याच्या मस्तकावरून हात फिरवितो, त्यामुळे त्याचे कपाळ सोन्यासारखे चकाकते. त्याच अंगणात विहिरीचे थंड पाणी वाहत असते. हातपाय-तोंड धुऊन शुचिर्भूत होण्याचा शिंतो विधी तर त्यावर होतोच, पण आसपासचे दुकानदार आणि गृहस्थ भांडी भरून ते पाणी घरीही नेतात.

आणि ही बाजारपेठ तेथेच का बसली? त्या जमिनीखालचे पाणी बारमाही थंड आहे, आणि बर्फ नसलेल्या काळात मासळी ताजी ठेवण्यास त्याच पाण्याचा आधार होता, म्हणून. १६१५ मध्ये शोगुनाच्या, म्हणजे लष्करी सत्ताधीशाच्या, शासनाने तेथील मासळीच्या घाऊक व्यापाऱ्यांस अधिकृत परवाना दिला. देवस्थान त्याआधीच, १५८७ मध्ये, तत्कालीन सत्ताधीश हिदेयोशी याने नगराची फेररचना केली तेव्हा या जागी आलेले होते. गाईच्या पावलांत साठलेले अचलेश्वराचे तीर्थ आणि काशाच्या बैलाशेजारची निशिकीची विहीर यांचा परस्परांशी कसलाही संबंध नाही. तरीही दोन्ही ठिकाणी देव आणि दुकान एकाच पाण्याच्या आश्रयास आलेले आहेत, हे साम्य मला फार मोलाचे वाटते.

शिंतो धर्मास ग्रंथाचा किंवा संस्थापकाचा आधार नाही. पर्वत, धबधबा, वृक्ष, शिळा, क्वचित एखादा असामान्य मनुष्य, जेथे जेथे विलक्षण सामर्थ्याचा प्रत्यय येतो तेथे तेथे त्या सामर्थ्यास नमस्कार करावा, एवढाच त्याचा गाभा. जपानातील मिवा येथील देवस्थानात गाभाराच नाही, कारण पाठीमागचा पर्वत हाच देव. गडचिरोलीच्या वनप्रदेशात हिंडलेल्या मनुष्यास यात अपरिचित असे काही वाटणार नाही. गोंडांचा पेन, म्हणजे देव, मूर्तीत बसत नाही, तो साजाच्या झाडात वास करतो. एटापल्लीकडील सुरजागड पहाडावर दर जानेवारीत ठाकूरदेवाच्या यात्रेस जमणारे माडिया त्या पहाडासच पूज्य मानतात, आणि त्याच पहाडातून आज लोहखनिज काढले जात आहे. भामरागडच्या रानात नव्या हंगामाचा आंबा पंडुम या सणात देवास दाखविल्याशिवाय तोंडात घालीत नाहीत. ज्या वस्तू आठवडी बाजारात पायलीने आणि शेराने विकल्या जातात त्या आधी देवाच्या नजरेखालून जातात. फळ झाडावर पुरते पिकेपर्यंत हात आवरण्याची शिस्त या रीतीत आहे, आणि वनखात्याच्या कोणत्याही नियमावलीपेक्षा ती जुनी आहे.

मनुष्याचे दैवत होणे हीही रीत दोन्हीकडे आहे. निशिकी तेनमांगूतील देव हा मुळात सुगावारा नो मिचिझाने नावाचा विद्वान मंत्री. दरबारी कारस्थानास बळी पडून तो हद्दपार झाला आणि ९०३ मध्ये दूरदेशी वारला. त्यानंतर राजधानीवर संकटे कोसळली, राजवाड्यावर वीज पडली, आणि अन्यायाने मेलेल्या त्या पुरुषास लोकांनी देवपदी बसविले. आज जपानी विद्यार्थी परीक्षेपूर्वी त्यास नमस्कार करतात. चंद्रपुरात गोंडांच्या जुन्या बालेकिल्ल्याच्या जागी आता कारागृह आहे. मोलमपल्लीचा तरुण जमीनदार बाबूराव पुल्लेसुर शेडमाके याने १८५८ मध्ये इंग्रजांविरुद्ध गोंडांची फौज उभारली, राजगड परगणा जिंकला, आणि अखेर विश्वासघाताने पकडला जाऊन २१ ऑक्टोबर १८५८ रोजी तो याच ठिकाणी पिंपळाच्या झाडावर फासावर गेला. दरवर्षी त्या दिवशी जंगलातील दूरदूरच्या गावांतून माणसे पिंपळापाशी येतात, फुले वाहतात, आणि त्यांच्या वागण्यात पुण्यतिथीच्या सभेपेक्षा देवदर्शनाचा भाव अधिक असतो. त्याच आवारात गैबीशाह वलीचा दर्गा आहे. मोहरमच्या दिवसांत कारागृहाचे दार दर्शनासाठी उघडले जाते, हिंदू-मुसलमान रांगेने आत जातात, आणि आतल्या विहिरीचे पाणी तीर्थ म्हणून पितात. पुनः पाणीच! तुरुंगाच्या भिंतीआडही या शहराने आपले दैवत विहिरीपाशीच ओळखले.

असे असता झरपटीची आजची अवस्था पाहवत नाही. सांडपाणी तिच्यात सोडलेले आहे, जलपर्णीच्या थरांनी पात्र झाकून गेले आहे, आणि ज्या पाण्याने राजाची आवाळवे बरी झाली असे आपण अभिमानाने मुलांना सांगतो त्या पाण्यात हात बुडविण्याचे धाडस आपल्यापैकी कोणी करणार नाही. यात्रेच्या दिवसांत शेकडो कोसांवरून नदीस्नानासाठी आलेल्या माणसांना नळाखाली उभे करावे लागते. देवळाच्या सुशोभनावर, कमानींवर, रोषणाईवर खर्च होतो आणि तो आनंदाने होतो. परंतु ज्याच्यामुळे देऊळ त्या जागी आले ते सोडून बाकी सर्वांची आपण काळजी घेतली, हे मला अतिशय दुःखाने लिहावे लागत आहे. बाजारास दोष देणाऱ्यांनी यात्रेकरूंच्या ओट्यांकडे आणि दुकानदारांच्या पालांकडे पाहण्याऐवजी पुलावरून खाली पाहावे.

क्योतोतही हे संकट आले होते. १९६० नंतरच्या दशकात जवळच भुयारी लोहमार्गाचे काम झाले आणि निशिकीच्या विहिरी आटल्या. तेव्हा तेथील व्यापाऱ्यांनी एकत्र येऊन नवी खोल विहीर खणली. पाणी गेले तर आपल्या पेठेस तेथे राहण्याचे कारण उरत नाही, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. चंद्रपुरातही अशा उमेदीचा अभाव आहे असे नव्हे. २०१७ मध्ये इको-प्रो या संस्थेच्या तरुणांनी काटेरी झुडपांनी आणि कचऱ्याने बुजून गेलेला परकोट स्वतःच्या हातांनी साफ करावयास घेतला. रोज पहाटे कुऱ्हाडी-घमेली घेऊन ते बुरुजांवर चढत, आणि ज्या तटावरून चालणे अशक्य झाले होते त्यावरून आज नागरिक फिरतात. दगडाच्या भिंतीसाठी जे झाले ते वाहत्या नदीसाठी करणे अधिक कठीण आहे, कारण भिंतीत रोज नवी घाण कोणी ओतीत नाही. म्हणून झरपटीचे काम स्वयंसेवकांवर सोपवून भागणार नाही. नाल्यांचे पाणी शुद्ध झाल्यावाचून पात्रात उतरू न देण्याचा बंदोबस्त आधी झाला पाहिजे, आणि चैत्रयात्रेच्या वार्षिक अंदाजपत्रकात मांडव, दिवे आणि पोलीस यांच्या वर, पहिल्या ओळीत, नदीचे कलम पडले पाहिजे.